बाबांसाठी जागा

बाबा पडले तेव्हा मी शाळेत शिकवत होते. गोवा अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि मालवणचे मचवे मुंबईपासून मंगळूरपर्यंत कौलं, मीठ, लाकूड वाहत असत. बाबा अशाच एका मचव्याचे तांडेल होते. मचवा व्यापाऱ्याचा, पण तो समुद्रात शिरला की त्यावर हुकूम बाबांचा. पावसाळा तोंडावर आला होता. मचवा वाळूत ओढून एका कुशीवर कलता करून ठेवला होता आणि खलाशी तळाला तेल-चुना चोपडत होते. तांडेलाने ते काम करायची काही गरज नव्हती. पण दुसऱ्याने लावलेला चुना बाबांना कधीच पसंत पडत नसे. ते डबा उचलायला वाकले आणि तसेच वाळूत कलंडले. खलाशांनी त्यांना शिडाच्या कापडात घालून घरी आणलं.

वैद्यांनी सांगितलं, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. पुढे वाचा परत आली ती एका शब्दापुरती. "बरा." आमच्या मालवणीत बरा म्हणजे ठीक, चांगलं. भूक लागली तरी बरा, पाठ दुखली तरी बरा, नाकावरची माशी हाकलता आली नाही तरी बरा. आवाज मात्र पूर्वीचाच होता, वाऱ्यावरून हाका मारून मारून भरदार झालेला. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं, तांडेल मजेत आहे.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. लग्न झालं नव्हतं. थोरला भाऊ मुंबईत गिरणीत होता आणि त्याचं बिऱ्हाड तिकडेच. घरात आई, बाबा आणि मी. आई चणीने लहान, तिला दम्याचा त्रास. बाबा आडव्या हाडाचे, उंचेपुरे. असा माणूस अंथरुणावर पडला की तो आणखी जड होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

आईने पहिल्याच दिवशी मला खोलीबाहेर काढलं.

"तू चेडू. ह्या तुझा काम नाय. भायर जा."

बाबांना पुसणं, त्यांची धोतरं बदलणं, त्यांना कुशीवर वळवणं हे सगळं ती दार लोटून घेऊन एकटी करायची. विहिरीवर आंघोळ करतानासुद्धा कोणाला जवळ येऊ न देणारा तो माणूस. मुलीने त्यांना तसं पाहू नये असं तिला वाटत होतं, आणि बाबांनाही वाटत असावं, कारण मी दारात दिसले की ते डाव्या हाताने चादर छातीपर्यंत ओढून घ्यायचे. मदतीला एक गडी ठेवला होता. तो पावसाळा संपताच होड्यांवर निघून गेला. दुसरा मिळाला नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पडून पडून बाबांची पाठ कमरेखाली फुटली होती. आई कडुनिंबाच्या पाण्याने जखमा धुवायची. मला फक्त वास यायचा, आणि आतून बाबांचा आवाज, "बरा, बरा, बरा," असा वाढत जाणारा.

मग ती दुपार आली. शाळा सुटल्यावर मी घरी आले तर पुढचं दार नुसतं लोटलेलं. आईला हाक मारली, ओ नाही. मागच्या पडवीकडून बाबांचा आवाज येत होता, पण अगदी बारीक, घोगरा. जाऊन बघते तर उंबऱ्यात दोघं पडलेली. आई त्यांना उन्हाला नेऊन बसवत होती. तिचा पाय अडखळला आणि बाबा तिच्या अंगावर आले. ती खाली, ते वर. त्यांना उठता येत नव्हतं, तिला त्यांच्याखालून निघता येत नव्हतं. जेवणं उरकल्यापासून ती दोघं तशीच पडली होती. बाबा रडत होते आणि तिच्या केसांत तोंड खुपसून तो एकच शब्द म्हणत होते. आईचा चेहरा काळानिळा झाला होता, तिला धड श्वास घेता येत नव्हता. मी शेजारच्यांना बोलावून आणलं तेव्हा कुठे बाबांना बाजूला घेता आलं. आईच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

त्यानंतर पहिल्यांदा मी बाबांना पुसलं. आई पलीकडे भिंतीकडे तोंड करून झोपली होती. बाबांनी डोळे मिटून घेतले ते माझं काम संपेपर्यंत उघडले नाहीत.

तार करून भावाला, आमच्या दादाला, बोलावून घेतलं. तो आला, बाबांच्या पायाशी बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी आईला म्हणाला, "आये, ह्या असा किती दिस चलतला? तेंका खंयतरी ठेवूक होया."

"खंयतरी म्हणजे खंय?"

"हॉस्पिटलां आसतत तसली. मुंबयत आसत."

"मग मुंबयक ने. तुझ्या वांगडा ऱ्हवतले."

दादाच्या चाळीतल्या खोलीत रात्री पाय पसरायला जागा नसते हे आईलाही ठाऊक होतं. तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ते त्याला म्हणता येत नव्हतं. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तू शिकलेली आसस. तू बघ खंय बरी जागा आसा ती." आणि सुट्टी संपली म्हणून निघून गेला.

आमच्याकडे माणसाला दवाखान्यात ठेवत ते बरं होण्यासाठी. जे बरं होणार नाही ते माणूस घरातच असे, मागच्या खोलीत, पुष्कळदा वर्षानुवर्षं. त्याला दुसरीकडे ठेवायचं म्हणजे टाकायचं. शेजारच्या काकींनी मला विहिरीवर सरळच विचारलं, "बापाशीक खंय टाकूक बघतास गो?" त्याच काकी त्या दिवशी बाबांना आईच्या अंगावरून उचलायला धावत आल्या होत्या. मी घागर भरून निघून आले.

पहिली जागा बघितली कणकवलीला. आईचे भाऊ, आमचे मामा, माझ्याबरोबर आले होते. मामांचं छोटं किराणा दुकान होतं आणि चार माणसांत बोलायची त्यांना सवय होती. रस्त्याला लागूनच एका डॉक्टरांची नवी इमारत होती. बाहेर पाटीवर 'नर्सिंग होम' असं लिहिलेलं. हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा वाचला. डॉक्टर तरुण आणि बोलायला गोड. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि पुढची खोली दाखवली. पांढऱ्या चादरी, उघड्या खिडक्या, दोन बाळंतिणी, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला एक मुलगा.

"माझ्या वडिलांना इथेच ठेवाल?" मी विचारलं.

"नाही, तसल्या पेशंटांची सोय मागे आहे."

"बघता येईल?"

"आता त्यांची विश्रांतीची वेळ आहे."

"डॉक्टर म्हणतत ना गो," मामा मला म्हणाले. पण मी उठले होते. कॉरिडॉर संपला तिथे एक दार होतं, त्याला बाहेरून कडी. ती काढताना मला कोणी अडवलं नाही.

आत अंधार होता. बाहेर लख्ख दुपार असल्यामुळे मला आधी काहीच दिसेना. मूत्राचा आणि फिनेलचा असा एकवटलेला वास होता की तोंडावर पदर धरावा लागला. मग खाटा दिसू लागल्या, एकमेकींना चिकटून ठेवलेल्या. दाराजवळच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. धोतर फाडून केलेल्या पट्ट्यांनी त्यांची दोन्ही मनगटं खाटेला बांधली होती. पायरव ऐकून त्यांनी मान वळवली.

"उजाडला काय गो?"

"होय," मी म्हटलं. "दुपार झाली."

"मगे खिडकी उघड."

मी खिडकीशी गेले. तिला खिळे मारले होते. मागे एक आया येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "ती उघडली की हे रस्त्यावरच्या लोकांना हाका मारतात, बाई. सगळेच मारतात."

डॉक्टर आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "बाई, लोक आणून ठेवतात आणि परत येत नाहीत. मला एकच आया मिळते. मी काय करू, सांगा." तो माणूस वाईट नव्हता असं मला आजही वाटतं. म्हणूनच त्या खोलीची भीती अधिक वाटते.

एस.टी.त मामा म्हणाले, "जागा तशी वायट नाय. डॉक्टर तरी आसा."

"मामा, तुमी ऱ्हवतलास थंय?"

मामा कसालचा फाटा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

दुसरी जागा सावंतवाडीच्या बाजूला, ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेली. आईला ते कळू न देता मी गेले. पुरुषांसाठी एक लांब खोली होती. ती इतकी स्वच्छ होती की मला चपला काढाव्याशा वाटल्या. जोगिणी कोणाला भरवत होत्या, कोणाची नखं कापत होत्या. मी त्यांच्यातल्या मोठ्या बाईंना बाबांविषयी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे जागा नाही." मग खिडकीजवळच्या खाटेकडे नजर टाकून हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांचं फार दिवसांचं नाही. पुढच्या महिन्यात चौकशी करा."

त्या खाटेवर एक माणूस तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. गळ्याची घाटी वर जायची, तिथेच थांबायची, मग खाली यायची. ती थांबली की मीही थांबत होते. कोणाचा तरी बाप होता तो. महिनाभर मी शाळेत मुलांना पाढे शिकवताना त्याचा विचार करत होते, आणि तो विचार कसला होता हे मला चांगलं कळत होतं. महिन्याने गेले तर खाट रिकामी होऊन भरलीही होती. त्यांच्याच गावातला एक माणूस झाडावरून पडून लुळा झाला होता, त्याला मागेपुढे कोणी नव्हतं. मोठ्या बाईंनी माझे हात हातात घेतले. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

मधल्या काळात घरी बाबांचं मीच करत होते. आईचा हात गळ्यात अडकवलेला. ती खाटेशी बसून मला सांगायची, असं वळव, इथे उशी दे. बाबांच्या पाठीवरची एक जखम आता इतकी खोल होती की आत पांढरं काहीतरी दिसायचं. ते हाड होतं.

तिसऱ्या जागेविषयी मला शाळेतल्या नेरूरच्या एका शिक्षिकेने सांगितलं. वालावलजवळ, खाडीच्या काठी, एक सिस्टर, म्हणजे नर्सबाई, राहतात. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या, विधवा, मूलबाळ नाही. माहेरच्या घरात अशी तीन-चार माणसं ठेवून घेतात. पाटी नव्हती. खाडीची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, धरून विचारत विचारत मी गेले. माडांच्या सावलीत मातीचं लांबट घर, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्यात उन्हाला दोन खाटा काढून ठेवलेल्या. खाटांवर माणसं होती. एका म्हाताऱ्याची दाढी चालली होती. करणाऱ्या बाई उंच, काळ्यासावळ्या, पदर खोचलेला. त्यांनी वस्तरा थांबवला नाही.

"कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

"वडिलांसाठी."

"बसा. हे संपू दे."

संपल्यावर त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. वडिलांना कशाचा राग येतो? कुठल्या कुशीवर झोपायची सवय होती? पूर्वी काय करायचे? भात मऊ लागतो की मोकळा? पाठ कितपत फुटली आहे? शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ लागले आणि मला रडू आलं. बाईंनी ते बघितलं आणि माझं रडू ओसरेपर्यंत त्या थांबल्या. मग मला घरभर फिरवून आणलं. न्हाणी, चूल, चादरी उकळायचं तपेलं. एका खाटेवरच्या माणसाला, "काका, जरा पाठ दाखवते हां यांना," असं विचारून त्यांनी कुशीवर वळवलं. पाठ वाळली होती, पण कातडी अखंड होती.

"तुमचे वडील बरे होणार नाहीत," त्या म्हणाल्या. "मी त्यांना चालवीन, बोलतं करीन, असं काही सांगणार नाही. स्वच्छ ठेवीन. जखम भरायचा प्रयत्न करीन. एकटं ठेवणार नाही. आणि आणखी एक. पावसात तर बंद होते, रस्त्यावर पाणी येतं. तेव्हा काही झालं तर तुम्हाला कळवता येणार नाही. इथे जे करायचं ते मीच ठरवीन. हे चालणार असेल तर आणा."

खर्चाला त्यांनी बेताचे पैसे आणि तांदूळ सांगितले. मी हो म्हणून आले.

घरी येऊन आईला सांगितलं. आई नाही म्हणेल, रडेल, असं धरून चालले होते. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "तिच्या घरात माका जागा आसा?"

"तुका?"

"ह्यांका एकट्याक धाडूचंय नाय मी. मी पण जातंय."

मग मी बाबांच्या खाटेशी बसले. त्यांना न विचारता न्यायचं नाही असं ठरवलं होतं. जागा कशी आहे, बाई कशा आहेत, आई बरोबर येणार आहे, मी दर रविवारी येईन, सगळं सांगितलं. ते माझ्याकडे टक लावून ऐकत होते. बोलून संपल्यावर म्हटलं, "जावया, बाबा?"

"बरा," ते म्हणाले.

या 'बरा'चा काय अर्थ लावायचा? मी तो होकार धरला. दुसरं करणार तरी काय होते?

रस्त्याने हादरे बसले असते, म्हणून होडीनेच न्यायचं ठरलं. बाबांच्या जुन्या खलाशांनी त्यांना खाटेसकट उचलून होडीत ठेवलं. देवबागेकडून कर्लीच्या खाडीत शिरल्यावर वारा मागून आला आणि खलाशांनी लहानसं शीड उभं केलं. थोड्या वेळाने बाबा एकदम ओरडले, "बरा! बरा!" आई घाबरली. म्हातारा खलाशी मात्र शिडाकडे बघून चटकन दोर ढिला करू लागला. "होय, तांडेलांनु, होय, चुकलो," असं पुटपुटत होता. ऊन सौम्य होतं, दोन्ही काठांना माड होते आणि मला एकसारखं वाटत होतं की आम्ही काहीतरी भयंकर करत आहोत.

तसं ते नव्हतं. सिस्टर बोलल्या तसंच वागल्या. जखमा साफ करताना बाबा किंचाळायचे, पण त्या भरत गेल्या. मी रविवारी जायचे. बाबा खळ्यात उन्हाला असायचे, दाढी केलेली, धोतर स्वच्छ. आईचा हात सुटा झाला, पण पूर्वीसारखा कधी वर गेला नाही. ती डाव्या हाताने बाबांना पेज भरवायची आणि त्यांचं झालं की शेजारच्या खाटेवरच्या काकांना. एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "लग्न झाल्यापासून इतके दिस ह्ये माझ्या वांगडा कधी ऱ्हवले नाय." बाबा वर्षातले निम्म्याहून अधिक महिने समुद्रावर असत. तिच्या बोलण्यात दुःख नव्हतं, आनंदही नव्हता. नुसतं सांगितलं.

पण बाबा वाळत चालले. पेज गिळताना ठसका लागू लागला. सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता ते खाली चालले आहेत. पावसाआधी तुमच्या भावाला एकदा येऊन जायला सांगा." मी दादाला कळवलं. रजा मिळत नाही, गणपतीत येतो, असा त्याचा निरोप आला. गिरणीत रजा मिळणं सोपं नव्हतं, हे खरंच होतं.

त्या वर्षी पाऊस लागला तो थांबेचना. तर बंद झाली. कसालवरून वळसा घालून जावं तर फरशी पुलांवरून पाणी वाहत होतं. मी दोनदा निघून अर्ध्या वाटेवरून परत आले. दोन रविवार गेले, मग आणखी एक. मग एका सकाळी शाळेच्या दारात एक भिजलेला माणूस उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल. त्याला सिस्टरनी धाडलं होतं, आणि पाण्यातून वाट काढत पोचायला त्याला वेळ लागला होता. त्याने डोक्यावरचं इरलं काढून हातात धरलं. तो काही बोलायच्या आधीच मी मुलांना घरी जायला सांगितलं.

बाबा गेले होते आणि त्यांचं दहनही झालं होतं.

दादाला तार केली. पाणी ओसरल्यावर तो आला आणि आम्ही दोघं वालावलला गेलो. आई पडवीत भिंतीला टेकून बसली होती, कपाळ रिकामं. मी तिच्याजवळ बसले. दादा उभाच होता.

"अग्नी कोणी दिल्यान?" त्याने विचारलं.

आईने पलीकडच्या घराकडे बोट केलं. तिथला म्हातारा शेतकरी, ज्याचा मुलगाही मुंबईला होता. त्याने आपण होऊन म्हटलं होतं, मी देतंय.

"माझ्या बापाशीक परक्या माणसान अग्नी दिल्यान!" दादा ओरडला. खळ्यातल्या खाटा आता पडवीत होत्या. त्यांवरची माणसं दचकून बघू लागली. "मी मेल्लंय काय? माझ्यासाठी थांबूक येय नाय होता?" मग माझ्याकडे वळून, "तू तेंका हंय आणून टाकलंस. लोकांच्या घरात. कुत्र्यासारखे गेले माझे बाबा."

सिस्टर आतून आल्या होत्या, पण मध्ये पडल्या नाहीत. आई भिंतीला धरून उठली. ती दादाच्या छातीइतकीही उंच नव्हती.

"तिना नाय आणूक. मी आणलंय," ती म्हणाली. "आणि थांबा नको म्हणान मीच सांगलंय. तर बंद, वाट बंद. तू कधी येतलंस ता कोणाक ठाऊक? ह्यांका असा किती वेळ ठेवतलंय?" तिला दम लागला. ती थांबली, पुन्हा बोलू लागली. "लाकडां ओली होती. पेटत नाय होती. वर पतरे धरून माणसां उबी ऱ्हवली. करवंट्यो घातल्यो, रॉकेल घातला. सकाळी लावलेली ती दिवेलागणीक पुरी झाली. तवसर ती माणसां जेवूक गेली नाय. परकी माणसां." मग अगदी हळू म्हणाली, "तू ह्यांची पाठ बघलंस? नाय. मी बघलंय. न्हावक घालताना बघलंय. एक जखम नाय होती."

दादा खळ्यातून उतरून खाडीच्या दिशेने चालत गेला.

तेव्हा माझं लक्ष गेलं. फाटकाशी एक बाई उभ्या होत्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, हातात छत्री, वहाणा चिखलाने माखलेल्या. हे सगळं त्यांनी ऐकलं असणार. त्या सिस्टरांकडे न जाता माझ्याकडे आल्या. त्यांची आई पडून होती, कुडाळच्या पलीकडून त्या जागा बघायला आल्या होत्या. आधी दोन ठिकाणं बघून झाली होती. त्यातलं एक कणकवलीचं.

"तुमचे वडील इथे होते?" त्यांनी विचारलं.

"होय."

"जागा कशी आहे हो?"

मी म्हटलं, चांगली आहे. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग दादा गेला त्या दिशेला, मग पुन्हा माझ्याकडे. "त्यांना इथे बरं वाटत होतं?"

मला खोटं बोलवेना. "ते मला कधी कळलं नाही," मी म्हटलं. "त्यांना बोलता येत नव्हतं."

"आमच्या आईलाही येत नाही," त्या म्हणाल्या.

त्या मग सिस्टरांबरोबर आत गेल्या. बराच वेळ आत होत्या. बाबांची खाट त्याच सकाळी धुऊन पडवीच्या टोकाला उभी करून ठेवली होती, तिच्या सुंभातून अजून पाणी ठिबकत होतं. बाई बाहेर आल्या आणि त्या खाटेपाशी थांबून तिला हात लावून बघू लागल्या. पुढे त्यांनी आपल्या आईला तिथेच आणून ठेवलं असं ऐकलं.

आई आमच्याबरोबर मालवणला परत आली. दादाने दिवसकार्य केलं, सगळं यथासांग, आणि मुंबईला गेला. नंतर तो गणपतीला यायचा, पण माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नसे. मामांकडे उतरायचा, तिथेच जेवायचा. आईने त्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही. मला मात्र तो आलेला दिवस तिच्या चालण्यावरूनच कळायचा. ती सकाळपासून आतबाहेर करत राहायची आणि त्याच्यासाठी केलेले घावणे झाकून ठेवायची. संध्याकाळी ते आम्ही दोघी खायचो.